रातपाळी

जिन्याखालच्या कपाटात, हूवर आणि लेकीच्या जुन्या गमबुटांच्या मध्ये
तीन वर्षांपूर्वी बॅटरी आली.
पांढरी, फ्रिजच्या धाकट्या भावासारखी,
एक हिरवा ठिपका, बाकी तोंड बंद.
रात्री साडेअकराला वीज स्वस्त होते आमच्याकडे,
साडेपाचला पुन्हा महाग.
तेवढ्यात ती पोटभर पिऊन घ्यायची
आणि दिवसभर घराला पुरवून पुरवून वाढायची.

माझीही वेळ तीच.
हेशॅमच्या धक्क्यावर बोटीत ट्रेलर चढवायचे,
साखळ्या आवळायच्या, हात बगलेत घालून शेकायचे,
पहाटे मोरकॅमला परत.
बूट काढताना कपाटात डोकावायचो:
तू भरलीस, मी रिकामा झालो,
चल, निजू आता.
ती कुठली निजतेय, माझा चहा तिच्याच जिवावर.

मग शर्मिष्ठाने वही काढली.
ती शाळेच्या ऑफिसात पगारपत्रकं करते,
आकड्यांची तिच्यासमोर खोटं बोलायची टाप नाही.
"उसनंच साठवतोय आपण," म्हणाली,
"स्वस्त मिळालं म्हणून काय, उसनं ते उसनंच.
वर छप्पर रिकामं पडलंय."
मी म्हटलं, रिकामं कुठे, सीगल असतात की.
तिने माझ्याकडे रजा कापल्यासारखं पाहिलं.

एप्रिलात परांची चढली.
डेक्लन, आणि त्याच्या हाताखाली केझाया,
एकोणीस वर्षांची, स्लेटच्या उतारावर बसून
सँडविच खाणारी, खाली न बघता.
दहा पॅनेलं. सहा पूर्वेला, चार पश्चिमेला.
दक्षिणेला आम्हांला छप्परच नाही, नुसती भिंत,
आणि भिंतीपलीकडे मिसेस ऑर्मरॉड,
ज्या रोज विचारायच्या, पाऊस पडला की शॉक बसेल का हो?

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं,
म्हणजे इथे ज्याला ऊन म्हणतात ते,
आणि फोनवर सगळं उफराटं.
सूर्य जितका वर, बॅटरी तितकी खाली.
डेक्लन फोन उचलेना.
शर्मिष्ठा टॉर्च घेऊन मीटरपुढे मांडी घालून बसली,
भाकरी थापायला बसावं तशी.
तासाभराने हाक आली: "चिमटा उलटा लावलाय!"

अंगठ्याएवढा काळा चिमटा, वायरीला मिठी मारलेला,
अंगावर एक बाण,
आणि बाणाचं तोंड नको तिकडे.
उरलेली वीज रस्त्याकडे निघाली
की बॅटरीला वाटायचं, घराला कमी पडतंय,
आणि पदरमोड करून ती आपलंही त्यात ओतायची.
अशी दोन माणसं आमच्या घराण्यात होऊन गेली.
त्यांचा बाण कोणी तपासला नाही.

केझाया आली, कानापर्यंत लाल झाली,
अर्ध्या मिनिटात चिमटा फिरवून गेली.

तेव्हापासून बॅटरी दिवसपाळीला.
मी पडदे ओढून झोपतो
आणि डोक्यावर दहाजणं मुकाट्याने राबतात.
पहाटे मी यावं, तर पूर्वेची सहा आधीच जागी.
हिरवा ठिपका दिसतो, पण बोलणं होत नाही,
वेळाच जुळत नाहीत.
जोडीदाराची बदली झाली
की डबा खायला किती वेळ लागतो, तसं काहीतरी.
शर्मिष्ठा मात्र खुशीत. वहीत आता दोन रंगांची शाई.
जूनमध्ये तिने मिसेस ऑर्मरॉडना
फुकटच्या विजेवर केक भाजून दिला
आणि तसं सांगूनही टाकलं.

नोव्हेंबर. खाडीवर चारलाच दिवेलागण.
काल दहाही पॅनेलांची मिळून कमाई
तीन केटल चहा.
शर्मिष्ठाने काही न बोलता फोनवर वेळ बदलली,
साडेअकरा ते साडेपाच.

आज पहाटे बूट काढताना कपाट उघडलं.
आत ऊब होती, बारीक घरघर.
म्हटलं, आलीस?
किती दिवस आहेस?
फेब्रुवारीपर्यंत, असं काहीसं
तो हिरवा ठिपका म्हणाला,
किंवा मलाच झोप आली होती.